दुपारचा डीओ आणि पहाटेचा डीओ: नदीच्या अहवालातले शब्द कसे वाचायचे

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ भीमेला मिळणाऱ्या एका उपनदीकाठच्या हायस्कूलात विज्ञान शिकवतात. एप्रिलमध्ये त्यांनी मुलांना घेऊन नदीचं पाणी भरलं आणि खासगी प्रयोगशाळेतून तपासून घेतलं. अहवाल आला: पीएच ८.९, डीओ ९.४, बीओडी १८, सीओडी ७०, टीडीएस ४१०, फीकल कोलिफॉर्म (मैल्यातून येणारे जिवाणू) ‘>१६००’. ते म्हणतात, ‘बीओडी, सुपोषण, वहनक्षमता, जैवविशालन या सगळ्यांच्या व्याख्या पाठ आहेत, शिकवतोही. पण डीओ उत्तम आणि बीओडी वाईट, हे एकाच बाटलीत कसं? गावातले लोक तर म्हणतात, मासे आहेत म्हणजे पाणी ठीकच आहे.’

सर, तुमच्या अहवालातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलाय. नमुना घेतल्याची वेळ, दुपारी ३.२०. त्याच्याकडे येतेच.

मी सव्वीस वर्षं पाणी तपासते आहे. व्याख्या पाठ असलेली माणसं अहवालापाशी अडखळतात, कारण हे शब्द त्यांना पदार्थांची नावं वाटतात. ‘नदीत बीओडी मिसळल्याने मासे मेले’ असं वाक्य मी बातमीत वाचलंय आणि एकदा तर एका सभेच्या इतिवृत्तातही. पाण्यात मीठ असतं, नायट्रेट असतं, पारा असू शकतो. बीओडी नावाचं काहीही पाण्यात नसतं. तो हिशोब आहे, ऑक्सिजनच्या जमाखर्चाचा. डीओ, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन, ही या क्षणी गल्ल्यात असलेली रोकड. बीओडी म्हणजे अंगावरचं देणं. पाण्यातली घाण खाऊन संपवायला जिवाणूंना अजून किती ऑक्सिजन लागेल, ते. सरकारी मराठीत त्याला ‘जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी’ म्हणतात. त्यातली ‘मागणी’ बाजारातल्या मागणीसारखी वाचू नका, सावकाराच्या मागणीसारखी वाचा. मग तुमचा प्रश्न निम्मा सुटतो. गल्ल्यात रोकड भरपूर आणि डोक्यावर कर्जही भरपूर, अशी माणसं आपण रोज बघतो.

आता ही रोकड आली कुठून? पाणी हवेतून ऑक्सिजन घेतं, पण ठरावीकच. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशाला साधारण ७.६. हे समुद्रसपाटीचे आकडे. तुम्ही पाचशे-साडेपाचशे मीटर उंचीवर आहात, तिथे हवेचा दाब कमी, म्हणून एप्रिलच्या कोमट पाण्यात सात-सव्वासातच्या वर हवा ऑक्सिजन देऊच शकत नाही. तुमचा आकडा ९.४ आहे. म्हणजे दोनेक मिलिग्रॅम हवेने न दिलेला ऑक्सिजन पाण्यात आहे. तो शेवाळाने दिला. पाणी हिरवं होतं का, असं तुम्हाला विचारायचीही गरज नाही, पीएच ८.९ ने ते सांगून टाकलंय. दिवसा शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पीएच वर चढतो. दोन आकडे एकाच गोष्टीची साक्ष देतायत.

शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतं, पण श्वास चोवीस तास घेतं. सूर्य मावळला की जमा बंद, खर्च चालू. जिवाणूंचा खर्चही रात्रभर चालूच. शिल्लक उतरत जाते आणि पहाटे, उजाडायच्या आधी, तळाला लागते. दुपारी ३.२० चा डीओ म्हणजे पगाराच्या दिवशीचं पासबुक. त्यावरून घर कसं चाललंय ते कळत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, म्हणजे शिकले होते, पण पटलं नव्हतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका तलावात मासे मरायचे आणि दर वेळी तपासणीत डीओ आठच्या वर यायचा. गावकरी म्हणायचे विष टाकलंय, आम्ही म्हणायचो काही सापडत नाही. शेवटी तिथला एक म्हातारा भोई म्हणाला, ‘ताई, मासं पहाटं तोंड वर काढत्यात, तुम्ही जेवून येता.’ त्याच रात्री तिथे मुक्काम केला. पहाटे साडेचारला बॅटरीच्या उजेडात बाटली भरली.

इथे जरा थांबते, कारण तुमच्या मुलांना दाखवण्यासारखी गोष्ट हीच आहे. डीओची जुनी पद्धत विंक्लर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची, १८८८ सालची, आणि आजही आम्ही तीच वापरतो. ३०० मिलिलिटरची घासलेल्या काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली धरून अशी भरायची की आत एकही बुडबुडा राहता कामा नये. मग पिपेटचं टोक पाण्यात बुडवून २ मिलिलिटर मँगनीज सल्फेट, २ मिलिलिटर अल्कली आयोडाइड. बूच लावून बाटली चार-पाच वेळा उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर विटकरी-तपकिरी रंगाचा साका धरतो, पिंज्या पिंज्या होऊन हळूहळू खाली बसतो. जितका गडद, तितका ऑक्सिजन जास्त. पुढचं काम प्रयोगशाळेतलं. सल्फ्युरिक आम्ल घातलं की साका विरघळून पिवळं पाणी होतं, मग थायोसल्फेट थेंबाथेंबाने, पिवळं फिकं झालं की स्टार्च, निळं होतं, आणि एका थेंबाला निळं नाहीसं होतं. २०० मिलिलिटर पाणी घेतलं आणि थायोसल्फेट नेमकं बनवलेलं असलं, तर जितके मिलिलिटर लागले तितका डीओ. इतकी सोयीची पद्धत मी दुसरी पाहिली नाही.

त्या पहाटे मी दोन्ही रसायनं घातली, बाटली उलटी केली, आणि साका पांढरा आला. दुधात लिंबू पिळल्यासारखा पांढरा. पांढऱ्याचा अर्थ एकच, ऑक्सिजन नाही. त्याच जागी आदल्या दुपारी साका चहाच्या चोथ्याइतका गडद होता. विष कुणीच टाकलं नव्हतं, निदान बाटलीतून टाकलं नव्हतं. गावाचं गटार वर्षानुवर्षं तलावात येत होतं, त्यावर शेवाळ पोसलं होतं आणि ते शेवाळ रात्री माशांच्या वाटणीचा ऑक्सिजन संपवत होतं.

म्हणून डीओच्या आकड्यासोबत वेळ आणि पाण्याचं तापमान लिहिलेलं नसेल, तर मी तो आकडा बाजूला ठेवते. भले तो कुणाच्याही लेटरहेडवर असो.

आता देण्याकडे वळू, बीओडी १८. हा आकडा कसा निघतो ते कळलं की त्याच्या मर्यादा आपोआप कळतात. तेच पाणी बुडबुडा न ठेवता बाटलीत बंद करायचं, सुरुवातीचा डीओ मोजायचा, बाटली अंधारात २७ अंशाला ३ दिवस ठेवायची, पुन्हा डीओ मोजायचा. घटला तेवढा बीओडी. अंधार कशाला, तर आतल्या शेवाळाने ऑक्सिजन बनवून हिशोब बिघडवू नये म्हणून. परदेशी पुस्तकांत ५ दिवस आणि २० अंश असतं. पाच दिवसांची मुदत मूळ विलायतेतली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या शाही सांडपाणी आयोगाची. तिथल्या नदीचं पाणी समुद्राला पोचायला पाच दिवसांहून जास्त लागत नाहीत म्हणून पाच दिवस धरले, असं सांगितलं जातं. आपल्या उष्ण देशात जिवाणू जास्त चपळ, म्हणून भारतीय मानकात ३ दिवस, २७ अंश. दोन्ही आकडे जवळपास सारखे येतात, पण अहवालात कुठली पद्धत ते लिहिलेलं असावं.

एक प्रश्न मुलं नक्की विचारतील, किंवा विचारायला हवा. २७ अंशाला पाण्यात ऑक्सिजन मावतो जेमतेम ८, मग १८ खर्च झाला हे मोजलं कसं? उत्तर: नमुना पातळ करून. हवा भरलेल्या शुद्ध पाण्यात थोडा नमुना मिसळायचा आणि आलेल्या उत्तराला तेवढ्या पटीने गुणायचं. साहजिकच चूकही तेवढ्या पटीने वाढते. १८ चं १६ किंवा २० होऊ शकतं. १८.३७ असा अहवाल देणाऱ्या प्रयोगशाळेवर माझा विश्वास जरा कमी असतो. भारनियमनाच्या काळात आमचा इनक्युबेटर सहा-सहा तास बंद पडायचा, आतलं तापमान ३४ वर जायचं आणि सगळे आकडे फुगायचे. त्या एका उन्हाळ्यात आम्ही किती बाटल्या ओतून दिल्या असतील, त्याचा हिशोबच ठेवला नाही.

१८ म्हणजे किती वाईट? स्नानयोग्य पाण्यासाठी बीओडी ३ पर्यंत आणि डीओ किमान ५ हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांचे प्रदूषित पट्टे ठरवतं ते याच ३ च्या रेषेवरून. ३ ते ६ पाचवा प्राधान्यक्रम, ६ ते १० चौथा, १० ते २० तिसरा, २० ते ३० दुसरा आणि ३० च्या वर पहिला. इथे ‘पहिला नंबर’ म्हणजे सगळ्यात वाईट, हे दर वर्षी कुणाला तरी समजावून सांगावं लागतं. मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात असे ३११ पट्टे होते आणि त्यांतले ५५ महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत जास्त. तुमचा नमुना तिसऱ्यात बसतो. पण एका नमुन्यावरून नदीला वर्गात बसवू नका. तुमच्या १८ मध्ये एक गोम आहे. बाटलीत जिवंत शेवाळ होतं. तीन दिवस अंधारात ते श्वास घेत राहिलं, काही मेलं, कुजलं. म्हणजे १८ मधला काही भाग गटाराचा नाही, शेवाळाचा आहे. पुढच्या वेळी प्रयोगशाळेला सांगा, एक बीओडी गाळलेल्या पाण्याचाही करा. दोन्हींतला फरक सांगेल की देण्यातला किती वाटा हिरव्या रंगाचा आहे.

सीओडी म्हणजे तोच हिशोब, पण जिवाणूंऐवजी रसायनाने केलेला. डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लात नमुना दोन तास उकळवतात. जिवाणू जे खाणार नाहीत तेही जळतं, म्हणून सीओडी नेहमी बीओडीपेक्षा मोठा. खरी माहिती दोघांच्या गुणोत्तरात असते. ताज्या घरगुती सांडपाण्यात बीओडी हा सीओडीच्या साधारण निम्मा येतो. तुमच्याकडे १८ भागिले ७०, म्हणजे चतुर्थांशाच्या आसपास. यावरून लगेच ‘कारखान्याने केमिकल सोडलं’ असं फलकावर लिहू नका. नदीत हे गुणोत्तर असं येणं साहजिक आहे. वरच्या अंगाला जिवाणूंनी सोपं सोपं खाऊन टाकलेलं असतं, तुमच्यापर्यंत चिवट उरतं.

कारखान्याचं पाणी वेगळी खूण करतं. एका नमुन्यात सीओडी ९०० च्या पुढे आणि बीओडी फक्त १२ आला. देणारा माणूस खूश, बीओडी कमी आहे म्हणून. आमच्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याने तोच नमुना आणखी पातळ करून लावला, तर बीओडी वाढला. अजून पातळ केला, आणखी वाढला. पटीने गुणल्यावर उत्तर दर वेळी सारखंच यायला हवं. अर्थ असा की पाण्यात जिवाणूंनाच मारणारं काहीतरी होतं. घट्ट नमुन्यात खाणारेच मेले, मग खर्च कोण करणार? पातळ केल्यावर विष सौम्य झालं आणि ते कामाला लागले. कमी बीओडीचा अर्थ स्वच्छ पाणी असाही होतो आणि पाण्यात कुणी जिवंत उरलं नाही असाही होतो. सीओडी शेजारी नसेल तर फरक कळत नाही.

तुमच्याकडे ऊसपट्टा आहे, तेव्हा मळीबद्दल बोलायलाच हवं. लोक ज्याला ‘मळीचं पाणी’ म्हणतात ते बहुतेक वेळा आसवनीतलं (डिस्टिलरीतलं) सांडपाणी असतं, गडद तपकिरी, जळक्या गुळाच्या वासाचं. त्याचा बीओडी लिटरमागे चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅम असतो. मुलांना गणित घाला: ४५,००० बीओडीचा दहा हजार लिटरचा एक टँकर रात्री ओढ्यात रिकामा झाला, तर ४५० किलो ऑक्सिजनचं देणं एका झटक्यात नदीच्या अंगावर आलं. आपल्याकडे सांडपाण्याची केंद्रं बांधताना माणशी रोज २७ ग्रॅम बीओडी धरतात. ४५० किलोला २७ ग्रॅमने भागा. साडेसोळा हजार माणसांच्या एका दिवसाच्या मैल्याइतकं. एका टँकरमध्ये.

टीडीएस ४१० पाहून तुम्हाला बरं वाटलं असेल. वाटून घेऊ नका. घराघरांत आरओवाल्यांनी ते पेनासारखं मीटर फिरवून टीडीएस म्हणजे शुद्धता अशी समजूत करून ठेवली आहे. मीटर फक्त विरघळलेले क्षार ओळखतं. ४१० टीडीएसचं मैलापाणी असतं आणि ९०० टीडीएसचं विहिरीचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या लोक पितात.

कोलिफॉर्मच्या ‘>१६००’ मधलं ते चिन्ह मात्र कुणी वाचतच नाही. १६०० हा आकडा नदीचा नाही, तो तक्त्याचा आहे. पंधरा नळ्यांमध्ये नमुना लावतात, किती नळ्यांत वाढ झाली त्यावरून छापील तक्त्यात ‘सर्वाधिक संभाव्य संख्या’ बघतात, आणि सगळ्याच्या सगळ्या नळ्या भरल्या तर तक्ता संपतो: १६०० पेक्षा जास्त, किती जास्त ते माहीत नाही. दोन हजार असेल, दोन लाखही असेल. स्नानासाठी १०० मिलिलिटरमध्ये ५०० ची अपेक्षा आणि २५०० ची कमाल मर्यादा आहे, तेव्हा तुमचा आकडा मर्यादेच्या आत की बाहेर, तेही या अहवालावरून ठरत नाही. नमुना शंभर पट, हजार पट पातळ करून लावायला सांगायला हवं होतं. चूक तुमची नाही, पण पैसे तुमचे गेले.

वहनक्षमता, म्हणजे नदी किती घाण पचवू शकते ते. हा शब्द पुस्तकात फार सात्त्विक दिसतो: निसर्ग स्वतःला शुद्ध करतो वगैरे. करतो, यात वाद नाही. मैला पडला की डीओ खाली जातो, पुढे हवेतून ऑक्सिजन मिसळत मिसळत पुन्हा वर येतो. १९२५ मध्ये स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीवर काम करून याचं समीकरण मांडलं, आणि आलेखावरचा तो खोलगट झोका आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. प्रश्न असतो तो किती पाण्यात किती मैला, हा. माणशी रोज १०८ लिटर सांडपाणी आणि त्यात २७ ग्रॅम बीओडी, म्हणजे लिटरला २५० मिलिग्रॅम. नदीचं वरचं पाणी चांगलं, बीओडी १ चं आहे असं समजा. मिश्रणाचा बीओडी ३ राहायला हवा असेल तर एक लिटर मैलापाण्याला सुमारे १२४ लिटर नदी लागते. तेच मैलापाणी शुद्ध करून १० पर्यंत आणलं तर साडेतीन लिटर पुरते.

आता एप्रिलमध्ये नदीकाठी उभं राहून बघा. धरणाचे दरवाजे बंद, पाणी कालव्यात. पात्रात जे वाहतंय ते कुठून येतंय? वरच्या गावांच्या आणि शहरांच्या नाल्यांतून. १२४ लिटर राहिले बाजूला, त्या १ लिटरलाच आपण नदी म्हणतोय. ‘पर्यावरणीय प्रवाह’ या शब्दाचा अर्थ एवढाच की पात्रात वर्षभर थोडं खरं पाणी सोडत राहा. त्यावर चर्चासत्रं खूप होतात, पाणी सुटत नाही.

पहिल्या पावसाचं वेगळंच. लोकांना वाटतं पाऊस आला, नदी धुतली गेली. वळवाची पहिली सर नाल्यांच्या तळाशी उन्हाळाभर साचलेला काळा गाळ उचलून एकदम नदीत आणते. सहा महिन्यांचं देणं एका रात्रीत वसुलीला. कोकणात वलगणीचे आणि आपल्याकडे चढणीचे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध निघतात ते याच दिवसांत. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात पांढऱ्या पोटाच्या माशांचे फोटो येतात.

आता सुपोषण. ज्याने कुणी हा प्रतिशब्द केला त्याने ग्रीक मूळ शब्दाचं भाषांतर अचूक केलं, पण घोटाळा करून ठेवला. अंगणवाडीच्या भिंतीवर ‘सुपोषित बालक’ आणि विज्ञानाच्या पुस्तकात ‘सुपोषित तलाव’, मुलांनी काय समजायचं? मी शिकवताना ‘पाण्याला खत लागणं’ म्हणते. नत्र आणि स्फुरद, शेतकऱ्याच्या मुलांना दोन्ही माहीत आहेत. उसाला दिलेलं युरिया-डीएपी वाहून येतं, मैल्यातून येतं, कपड्यांच्या पावडरीतून येतं. दोघांपैकी खरा दोषी कोण, यावर एके काळी मोठा वाद होता. कॅनडात १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी २२६ क्रमांकाच्या तळ्याच्या मधोमध पडदा ताणून दोन भाग केले. दोन्हींत कार्बन आणि नत्र घातलं, एकातच स्फुरद. स्फुरदाचा भाग हिरवागार झाला, दुसरा तसाच राहिला. विमानातून काढलेला तो फोटो बघितला की व्याख्या पाठ करावी लागत नाही.

इथे एक गोष्ट सांगते जी शुद्धीकरण केंद्राच्या उद्घाटनात कुणी सांगत नाही. साधं मैलाशुद्धीकरण केंद्र बीओडी उतरवण्यासाठी बांधलेलं असतं. त्यातून नितळ, वास नसलेलं, बीओडी १० चं पाणी बाहेर पडतं आणि तरीही त्यात बराचसा स्फुरद तसाच असतो, तो काढायची वेगळी सोय केली नसेल तर. ते पाणी खाली कुठेतरी थांबलं की हिरवं होतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं पाणी शेवटी भीमेवरच्या उजनी धरणात जाऊन थांबतं. उजनी इतकी हिरवी का, ‘एवढी केंद्रं बांधून’ का, याचं मोठं उत्तर या एका वाक्यात आहे. शिवाय तळाच्या गाळात मुरलेला स्फुरद तळाचा ऑक्सिजन संपला की पुन्हा वर येतो. आज बाहेरून थेंबही आला नाही तरी तलाव काही वर्षं जुन्या साठ्यावर हिरवा राहू शकतो.

जलपर्णी याच खतावर वाढते. मूळची दक्षिण अमेरिकेतली, फूल सुंदर म्हणून बागांमधून जगभर गेलेली. खतावलेल्या पाण्यात पंधरवड्यात दुप्पट होते. ती उपसून काठावर नेऊन टाकली तर निदान तेवढं नत्र-स्फुरद पाण्याबाहेर जातं. तणनाशक मारून जागेवरच कुजवली, तर सगळं देणं पुन्हा पाण्याच्या नावावर. फवारणीनंतर पाणी दोन दिवस मोकळं दिसतं आणि फोटो छान येतात. (आळंदीला इंद्रायणीवर दिसणाऱ्या पांढऱ्या फेसाचा हिशोब मात्र या खात्यांत नाही, तो डिटर्जंटसारख्या फेसाळ रसायनांचा. त्याची चाचणी वेगळी मागावी लागते.)

आणि गावकऱ्यांचे मासे. कुठले मासे, ते विचारा. चिलापी असेल आणि मांगूर असेल, तर त्यांच्या असण्याने काही सिद्ध होत नाही. चिलापी फार कमी ऑक्सिजनवर तग धरते, मांगूर तर वर येऊन सरळ हवा घेतो. ज्यांच्या असण्या-नसण्यावरून पाणी कसं आहे ते कळतं, त्या दर्शक प्रजाती बघायच्या तर दगड उलटा करा. खाली तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या चिकटलेल्या दिसल्या तर पाणी खरंच बरं आहे. गाळात नुसत्या लालभडक, वळवळणाऱ्या अळ्या असतील तर तिथे ऑक्सिजनचा दुष्काळ आहे. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तासारखाच, मिळेल तो ऑक्सिजन धरून ठेवायला. ही चाचणी फुकट आहे आणि ती फक्त दुपारचं सांगत नाही, कारण अळी तिथे रात्रीही असते.

पीएच ८.९ चा आणखी एक धाक लक्षात ठेवा. मैल्यातलं अमोनिया पीएच ७ ला बहुतेक निरुपद्रवी रूपात असतं, विषारी भाग शंभरात एकही नाही. पीएच ९ ला, उन्हाळ्याच्या पाण्यात, विषारी भाग तिसऱ्या हिश्शाच्या वर जातो. म्हणजे पहाटे ऑक्सिजनच्या अभावाने मारायचं आणि दुपारी अमोनियाने. अहवालात अमोनिया नाही, पुढच्या वेळी मागा.

जैवसंचय आणि जैवविशालन यांचा तुमच्या अहवालाशी संबंध नाही, पण तुम्ही विचारलंय आणि जवळपास प्रत्येक प्रश्नसंचात एक चूक असते, म्हणून लिहिते. एका जिवाच्या अंगात आयुष्यभर साठत जाणं हा संचय. लहान माशाकडून मोठ्याकडे, त्याच्याकडून पक्ष्याकडे किंवा माणसाकडे जाताना पायरीगणिक प्रमाण वाढणं हे विशालन. जपानच्या मिनामाताचा मिथिल पारा आणि डीडीटी ही खरी उदाहरणं. गिधाडं आणि डायक्लोफिनॅक हे नाही. ते औषध अन्नसाखळीत साठत साठत वर चढलं नाही. नुकतंच इंजेक्शन दिलेलं जनावर मेलं, गिधाडाने ते खाल्लं आणि काही दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊन मेलं. हे सरळ विषबाधेचं उदाहरण आहे. २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली. मुलांना हा फरक कळला तर दोन्ही शब्द कळले.

तर आता काय करायचं. अजून एक नमुना घ्या, त्याच जागी, पण पहाटे पाचच्या सुमारास. एकटे जाऊ नका, निसरडं असतं. काठाचं साचलेलं पाणी नको, वाहत्या धारेतलं घ्या. तापमान तिथेच मोजा आणि वेळ बाटलीवर लिहा, कागदावर नको, कागद हरवतो. साका दाखवायचा असेल तर दोन्ही रसायनं एखाद्या महाविद्यालयातून मागून आणा, पण अल्कली आयोडाइड ॲझाइड न घातलेलं मागा. ॲझाइड विषारी असतं आणि रंग बघायला ते लागत नाही. अल्कलीने हातही भाजतो, तेव्हा मोजे आणि चष्मा घालून तुम्हीच ओता, मुलांनी फक्त बघायचं. बीओडीची बाटली बर्फात ठेवून त्याच सकाळी प्रयोगशाळेत पोचवा. सोबत गाळलेला बीओडी, अमोनिया, स्फुरद आणि नीट पातळ करून लावलेला कोलिफॉर्म, एवढं मागा. बाकी काही परवडलं नाही तरी चालेल. पहाटेच्या बाटलीत साका कुठल्या रंगाचा धरला, तेवढं मला कळवा.